कागद खाली येतात, माहिती येत नाही: सायबरचे नियम करणाऱ्यांना बेळगावहून खुलं पत्र

प्रति,
सर्ट-इन (सायबर घटना हाताळणारी केंद्र सरकारची यंत्रणा), इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, रिझर्व्ह बँक आणि परदेशांशी व्यापाराचे करार करणारं वाणिज्य मंत्रालय

सा. न. वि. वि.

चार ऑफिसांना मिळून एकच पत्र लिहितोय, कारण सायबरमधली कुठली गोष्ट नेमकी कुणाच्या टेबलावर जाते हे आमच्यापर्यंत कधी पोचतच नाही, आणि अर्धी तक्रार तीच आहे. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत आहे. डिस्पॅच, एक्स्पोर्टचे कागद, ई-वे बिल हे माझं काम, आणि कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं म्हणून प्रिंटरपासून पासवर्डपर्यंत सगळं हळूहळू माझ्याच गळ्यात पडलं. पगार अजून एकाच कामाचा आहे, असो.

गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्याकडं एक नवीन प्रकार सुरू झालाय. पूर्वी परदेशी कस्टमर विचारायचा की ग्रेड कोणता, हार्डनेस किती, पोरॉसिटी निघाली तर रिप्लेसमेंट कोण देणार. आता त्या शीटबरोबर दुसरी एक शीट येते, कधी एक्सेलमध्ये, कधी पोर्टलवर, आणि त्यात विचारलेलं असतं की तुमचा चीफ इन्फर्मेशन सिक्युरिटी ऑफिसर कोण, नेटवर्कचं सेगमेंटेशन, म्हणजे वेगवेगळे भाग, केलंय का, पेनिट्रेशन टेस्ट, म्हणजे मुद्दाम घुसून बघायची चाचणी, शेवटची कधी झाली, रिपोर्ट जोडा, आणि तुमच्या सप्लायरची सायबर तपासणी तुम्ही कशी करता. आता आमचा सप्लायर म्हणजे स्क्रॅपवाला आणि वाळूवाला. स्क्रॅपवाला बिलबुकात पेनानं लिहितो, त्याला हॅक करायचं तर त्याचं बिलबुकच पळवावं लागेल. आणि सिक्युरिटी ऑफिसर म्हणाल तर त्या रकान्यात माझंच नाव आहे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

ही शीट येते कुठून हे शोधलं मी. युरोपियन युनियनचा एनआयएस-टू नावाचा कायदा आहे, तो सदस्य देशांनी १७ ऑक्टोबर २०२४ पर्यंत आपापल्या कायद्यात आणायचा होता. त्याच्या कलम २१ मध्ये लिहिलंय की मोठ्या आणि महत्त्वाच्या कंपन्यांनी आपल्या सप्लाय चेनची सुरक्षाही बघायची. झालं, जर्मनीतल्या कंपनीनं ती जबाबदारी पुण्याच्या कंपनीवर लोटली, पुण्याच्या कंपनीनं आमच्यावर. गंमत म्हणजे त्यांच्या निम्म्याहून जास्त देशांनी ही मुदत स्वतःच चुकवली, खरं आमच्याकडची शीट मात्र वेळेत आली.

विचारण्यात चूक काहीच नाही हे आधीच सांगतो, नाहीतर वाटायचं हा माणूस नियमच नको म्हणतोय. जपानात कोजिमा इंडस्ट्रीज नावाची प्लास्टिकचे पार्ट करणारी कंपनी आहे, टोयोटाला माल देते. २०२२ च्या फेब्रुवारीअखेर तिच्या सिस्टिममध्ये कुणीतरी घुसलं, आणि तेही एका उपकंपनीच्या बाहेरच्या कनेक्शनमधून, आणि १ मार्चला टोयोटानं जपानमधले आपले १४ च्या १४ कारखाने बंद ठेवले. एका दिवसात साधारण १३ हजार गाड्या झाल्या नाहीत. नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रोचं, म्हणजे ॲल्युमिनियमवाल्यांचं, २०१९ मध्ये तेच, आणि त्यांच्याकडं व्हायरस आला तो ओळखीच्या कस्टमरच्या ईमेलमधून. म्हणजे मोठ्याच्या घरात चोर शिरतो तो लहानाच्या दारातून आणि ओळखीच्याच्या नावानंही, दोन्ही खरं आहे. तेव्हा विचारा. आमचं म्हणणं पुढचं आहे, की विचारून त्या उत्तराचं तुम्ही करता काय?

एक उदाहरण देतो. आमच्या भट्टीच्या शेजारी काचेच्या केबिनमध्ये स्पेक्ट्रो आहे. वितळलेल्या धातूचा नमुना छोट्या साच्यात ओतायचा, गोल चकती निघते ती घासायची, स्पेक्ट्रोवर ठेवून स्पार्क मारला की थोड्याच वेळात कार्बन किती, सिलिकॉन किती, मँगनीज किती ते स्क्रीनवर येतं, आणि त्यावर भट्टीवाला ठरवतो की अजून काय आणि किती टाकायचं. ते रिडिंग चुकलं तर अख्खी हीट, म्हणजे एका वेळी वितळवलेला सगळा धातू, रिजेक्ट. आता हे दाखवणारा पीसी विंडोज सेव्हनवर चालतो, ज्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० ला बंद केला. मशीनचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चढत नाही, चढवायचं तर मशीनवाला म्हणतो पूर्ण अपग्रेड घ्या, आणि अपग्रेडचा आकडा ऐकला की मालक चहा मागवून विषय बदलतात. म्हणून आम्ही काय केलं तर त्या पीसीची नेटची केबलच काढून टाकली आणि रिडिंग पेनड्राइव्हनं न्यायला लागलो. तो पेनड्राइव्ह फक्त त्याच कामाचा, कुलपात राहतो, दुसऱ्या पीसीला लावायच्या आधी स्कॅन होतो. यापेक्षा शहाणपणाचं काय करता आलं असतं सांगा.

तर शीटमध्ये प्रश्न असतो, सगळ्या सिस्टिमना व्हेंडरचा सपोर्ट आहे का, हो किंवा नाही. नाही टाकलं तर लाल रंग येतो आणि पोर्टल पुढं जाऊ देत नाही. केबल काढलीय, पेनड्राइव्ह कुलपात आहे, हे लिहायला तिसरा रकानाच नाही. शीट भरून देणारे कन्सल्टंट आता आमच्याकडंही फिरायला लागलेत आणि त्यांचा सल्ला एकच, यस टाका हो, सगळेच टाकतात. मग सगळे यस टाकतात, जर्मनीत हिरवा रंग दिसतो, पुण्यात हिरवा दिसतो, तुमच्या ऑडिटमध्येही हिरवाच, आणि आतला पीसी तिथंच. अशा हिरव्या रंगावर तुम्ही जगाच्या व्यापाराची सुरक्षा मोजणार असाल तर उंटावरून शेळ्या हाकणं याहून वेगळं काय असतं?

आता कळवण्याच्या मुदती बघा. सर्ट-इनचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश म्हणतो की घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवा, आणि सिस्टिमचे लॉग, म्हणजे कुणी कधी काय केलं त्याच्या नोंदी, १८० दिवस ठेवा. लहान उद्योगांना तेव्हा २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत सूट दिली होती, ती केव्हाच संपली. युरोपचा एनआयएस-टू म्हणतो २४ तासांत पहिली सूचना, ७२ तासांत सविस्तर, महिन्याभरात अंतिम रिपोर्ट. त्यांचा माणसांच्या खासगी माहितीचा कायदा जीडीपीआर ७२ तास म्हणतो. अमेरिकेच्या शेअर बाजारात लिस्ट असलेली कंपनी असेल तर घटना मोठी आहे असं ठरल्यापासून ४ कामाचे दिवस. ह्यातले सगळे थेट आमच्यावर लागू नाहीत हे मला कळतं, पण कस्टमरला ज्या मुदतीत कळवायचंय त्याच्या आधी तो आमच्याकडून मागणार, म्हणून तो करारात लिहून घेतो की सप्लायरनं अमुक तासांत कळवावं, आणि प्रत्येक कस्टमरचा आकडा वेगळा, फॉर्म वेगळा, कुठल्या घटनेला घटना म्हणायचं हेही वेगळं. खरोखर काही झालं त्या रात्री मी नेटवर्क तोडू, बॅकअप बघू की चार देशांचे चार फॉर्म भरू?

बरं हे सुटणारच नाही असंही नाही. बँका आणि वित्त संस्थांसाठी फायनान्शियल स्टॅबिलिटी बोर्डानं एप्रिल २०२५ मध्ये एक सामाईक फॉरमॅट जाहीर केलाय, फायर म्हणतात त्याला, म्हणजे एकदा भरायचं आणि सगळ्या देशांच्या नियामकांना तेच वाचता यायला हवं अशी ती कल्पना. रिझर्व्ह बँक त्या बोर्डाची सभासद आहे. सिंगापूरनं आपल्या स्मार्ट उपकरणांच्या सायबर लेबलसाठी २०२१ मध्ये फिनलंडशी आणि २०२२ मध्ये जर्मनीशी परस्पर मान्यतेचा करार केला. आपणही त्यातले आहोत, कॉमन क्रायटेरिया नावाच्या करारात २०१३ पासून भारतानं दिलेलं सर्टिफिकेट बाकीचे सभासद देश मानतात, फक्त ते आयटी प्रॉडक्टसाठी आहे, आमच्यासारख्या युनिटसाठी नाही. म्हणजे रस्ता आहे, फक्त उद्यमबागेपर्यंत आलेला नाही. सर्ट-इननं २०२५ मध्ये लहान उद्योगांसाठी पंधरा कंट्रोल्सची, म्हणजे सुरक्षेच्या उपायांची, यादी काढली ती मी वाचली, बरी आहे, त्यातलं बरंचसं आमच्यासारख्याला जमण्यासारखं आहे. मग वाणिज्य मंत्रालयानं एक करावं, इंग्लंडशी २४ जुलै २०२५ ला करारावर सही झाली तेव्हा कुठल्या मालावर ड्युटी किती कमी झाली ते गल्लोगल्ली सांगितलं गेलं, तसंच पुढच्या बोलणीत ही पंधरा कंट्रोल्सची यादी टेबलावर ठेवावी आणि म्हणावं की आमच्या लहान सप्लायरनं एवढं पाळलं आणि आमच्या सरकारी यंत्रणेनं तपासलं तर तुमच्या कंपनीनं वेगळी शीट पाठवायची नाही. एक तपासणी, सगळ्यांना मान्य. आमचे तास वाचतील आणि हो-नाही मधलं खोटंही कमी होईल.

हे झालं वर जाणाऱ्या कागदाचं. आता खाली न येणाऱ्या माहितीकडं येतो, माझा खरा राग तिथं आहे.

३१ जुलै २०२४ आठवतो का? सी-एज टेक्नॉलॉजीज ही छोट्या बँकांना सिस्टिम पुरवणारी कंपनी, टाटा कन्सल्टन्सी आणि स्टेट बँकेची भागीदारी. तिच्यावर रॅन्समवेअरचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा, हल्ला झाला म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं तिला पेमेंटच्या जाळ्यातून बाजूला काढलं आणि देशभरातल्या जवळजवळ ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांचं यूपीआय, एटीएम अडकलं. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, चालू झालं. बाजूला काढणं बरोबरच होतं, आग पसरण्याआधी तोडलं, त्याबद्दल तक्रार नाही. तेव्हा बातम्यांत आलं की देशाच्या एकूण पेमेंटमध्ये ह्या बँकांचा वाटा जेमतेम अर्धा टक्का आहे, त्यामुळं घाबरायचं कारण नाही. साहेब, अर्धा टक्का तुमच्या हिशोबात. ज्याचं खातंच तिथं आहे त्याच्यासाठी तो शंभर टक्के असतो. आमच्या ओळखीच्या एका छोट्या बँकेत त्या दिवशी महिनाअखेरची गर्दी होती आणि खानापूरकडनं आलेला एक म्हातारा काउंटरवरच्या पोराला विचारत होता, "सर्व्हर डाऊन सर्व्हर डाऊन म्हणूलालास, खरं पैसे हाईत न्हवं?" पोरगं काय सांगणार, त्यालाही टीव्हीवरूनच कळलं होतं.

मला विचारायचंय ते हे, की त्या घटनेचं पुढं काय झालं? चोर कुठून शिरला, कुठलं दार उघडं होतं, कुणी उघडं ठेवलं, आता बंद आहे का? सुरक्षेतल्या खासगी कंपन्यांनी काही लिहिलं ते इंग्रजीत वाचलं, पण तुमच्या कुणाच्या सहीचा साध्या भाषेतला रिपोर्ट माझ्या तरी वाचनात आला नाही. आम्ही ६ तासांत कळवायचं आणि तुम्ही वर्षं गेली तरी नाही, हा कुठला न्याय? सर्ट-इनच्या साइटवर अॅडव्हायझरी येतात हे माहीत आहे, मी बघतो पण. त्या अमुक सॉफ्टवेअरमध्ये अमुक नंबरची भेग आहे अशा असतात, गरजेच्या आहेत. पण एखाद्या अपघातानंतर रेल्वेच्या सेफ्टी कमिशनरची चौकशी होते, कारण शोधलं जातं, तसं इथं का नाही? नॉर्स्क हायड्रोचंच बघा, हल्ला झाल्या दिवसापासून त्यांनी पत्रकारांना बोलावून सांगितलं काय बंद आहे, काय हातानं चालवतोय, खंडणी देणार नाही. त्यांची अब्रू काही गेली नाही, उलट जगभर नाव झालं. आपल्याकडं मात्र दाबून ठेवणं म्हणजेच सुरक्षा असं काहीतरी डोक्यात बसलंय.

आणि आमच्या सीमाभागात तर बँकेपेक्षा सोसायटी जास्त. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर, कुठल्याही गल्लीत जा, पतसंस्था नाहीतर सौहार्द सहकारी, म्हणजे कर्नाटकातल्या वेगळ्या सहकार कायद्याखालची सोसायटी, सापडतेच, आणि बायकांची पिग्मी, शेतकऱ्याच्या उसाचे पैसे, पोरीच्या लग्नाची ठेव, सगळं तिथं. त्या बँका नाहीत, त्यामुळं रिझर्व्ह बँकेनं ३१ डिसेंबर २०१९ ला नागरी सहकारी बँकांसाठी चार पायऱ्यांचं सायबर फ्रेमवर्क काढलं ते त्यांना लागू नाही, पाच लाखांचा ठेव विमा नाही, आणि बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँक डॉट इन हे नवं डोमेन घ्यायला लावलं ते पण ह्यांना मिळत नाही. सॉफ्टवेअर कुणाचं तर कुठल्या तरी छोट्या व्हेंडरचं, तोच व्हेंडर पन्नास सोसायट्यांना, त्याच्या एका लॅपटॉपवरून सगळ्यांचा डेटाबेस उघडतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असं झालंय, नियमांचा सगळा भार तिकडं आणि उघडी दारं इकडं. कायदा कुणाचा, राज्याचा की केंद्राच्या रजिस्ट्रारचा, ते तुम्ही आपसात ठरवा, पण मधल्या त्या व्हेंडरला कुणीतरी एकानं तपासायला हवं. शंभर सोसायट्यांच्या सेक्रेटरींना शीट भरायला लावण्यापेक्षा दहा व्हेंडरना पकडणं सोपं आहे, नाही का?

कॉसमॉस बँकेचं प्रकरण तर आमच्या ह्या पट्ट्यात सगळ्यांना पाठ आहे. ऑगस्ट २०१८, पुणे, शनिवार ते सोमवार, ९४ कोटी. बनावट कार्डं घेऊन २८ देशांतल्या एटीएमवर माणसं उभी होती आणि बँकेचा खोटा सर्व्हर सगळ्यांना होय म्हणत होता, आणि वर स्विफ्टमधून, म्हणजे बँकांच्या परदेशी पैसे पाठवायच्या यंत्रणेतून, १३ कोटींच्यावर रक्कम हाँगकाँगला गेली. काही पैसे तर कोल्हापूरच्या एटीएममधून निघाले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी पुढच्या वर्षी रिपोर्टमध्ये ह्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला, आणि पुण्याच्या कोर्टात २०२३ मध्ये ११ जणांना शिक्षा झाली, ते सगळे पैसे काढणारे आणि पुरवणारे, म्हणजे शेवटच्या टोकाचे. ज्यांनी हे रचलं ते कुठं बसलेत? बांगलादेशच्या बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर २०१६ मध्ये असेच न्यूयॉर्कमधून फिलिपिन्सला गेले होते, आणि दोन वर्षांनी तोच प्रकार पुण्यात. एका देशात झालं ते दुसऱ्या देशातल्या लहान बँकेच्या मॅनेजरपर्यंत त्याला कळेल अशा भाषेत वेळेत पोचतं का, एवढाच माझा प्रश्न.

बंदराचं सांगतो, कारण आमचा कंटेनर तिथूनच जातो. जून २०१७ मध्ये युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, एम-ई-डॉक नाव त्याचं, नॉटपेट्या नावाचा व्हायरस पसरला. पुढं अमेरिका आणि इंग्लंडनं उघड सांगितलं की हे रशियाच्या लष्कराचं काम. निशाण्यावर युक्रेन होतं, पण मर्स्क ही जगातली बलाढ्य जहाज कंपनी त्यात आडवी झाली, ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार पीसी नव्यानं उभे करावे लागले, २५ ते ३० कोटी डॉलरचं नुकसान. आणि तिचंच टर्मिनल न्हावाशेव्याला, जेएनपीटीत, तेही ठप्प. म्हणजे कीव्हमधल्या कुण्या अकाउंटंटनं टॅक्स भरायचं सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि उरणच्या रस्त्यावर ट्रक उभे राहिले. ज्यांनी विमा काढला होता त्यांना विमा कंपन्या म्हणाल्या की हे युद्ध आहे, पॉलिसीत बसत नाही. मर्क ही औषध कंपनी त्यावर अमेरिकेत वर्षानुवर्षं कोर्टात भांडली आणि जिंकली, पण मर्ककडं वकील आहेत. आमच्याकडं विमा एजंट आहे, तो दिवाळीला कॅलेंडर देतो.

आणि अगदी ताजं म्हणजे जग्वार लँड रोव्हर. टाटांची कंपनी, ऑगस्ट २०२५ च्या शेवटी हल्ला झाला, इंग्लंडमधले कारखाने साधारण पाच आठवडे बंद. तिथल्या सायबर मॉनिटरिंग सेंटरनं नुकसानीचा अंदाज १.९ अब्ज पौंड धरला, ५ हजारांवर संस्थांना झळ लागली, त्यात सप्लायर सगळ्यात आधी. ब्रिटिश सरकार दीड अब्ज पौंडांच्या कर्जाला हमी द्यायला पुढं आलं, आणि तरी लहान सप्लायर म्हणत होते की ते पैसे आमच्यापर्यंत येणार कधी. मला आमची गल्ली दिसली त्यात. मोठ्या कस्टमरची सिस्टिम बंद म्हणजे त्याचं शेड्यूल बंद, जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, पडत नाही म्हणून बिल पास नाही, आणि आमच्या डिस्पॅच यार्डात माल पेंट करून पॅलेटवर पडलेला. लाइट बिल थांबत नाही, मोल्डरचा शनिवारचा पगार थांबत नाही. लहान उद्योगाचं पेमेंट ४५ दिवसांत करायचा कायदा आहे आपल्याकडं. सायबर हल्ला झाला म्हणून कस्टमरनं हात वर केले तर तो कायदा चालणार का, बँका लिमिट वाढवून देणार का, हे आधीच लिहून ठेवा की. सप्लायरनं कस्टमरला धोक्यात घालू नये ह्यासाठी शंभर प्रश्न, आणि कस्टमरनं सप्लायरला घातलं तर एकही नाही.

आता थोडं पोलिसांचं, म्हणजे तुमचं नाही खरं तुमच्यातून सुटतही नाही. निपाणीतल्या एका दुकानदाराच्या क्यूआरवर कुणीतरी माल घेऊन पैसे टाकले. ते पैसे कुठल्या तरी फसवणुकीतले होते, चार-पाच खाती फिरून आलेले, आणि लांबच्या कुठल्या राज्यातल्या सायबर पोलिसांनी त्याचं खातंच फ्रीझ करायला लावलं. संशयाची रक्कम थोडीशी, अडकलं सगळं खेळतं भांडवल. बँक म्हणते तिकडच्या पोलिसांचं पत्र आणा, तिकडचे फोन उचलत नाहीत, इकडच्या सीईएन, म्हणजे सायबर गुन्हे बघणाऱ्या, ठाण्यात म्हणतात केस आमची नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि खरा चोर म्यानमार नाहीतर कंबोडियातल्या कंपाउंडात बसलेला असतो, जिथं आपलीच पोरं नोकरीच्या आशेनं जाऊन अडकलेली, त्यांच्याकडूनच फोन करून घेतात. संयुक्त राष्ट्रांनी २४ डिसेंबर २०२४ ला सायबर गुन्ह्यांवरचा करार मंजूर केला, ऑक्टोबर २०२५ मध्ये हनोईत तो सह्यांसाठी खुला झाला. चांगलंच आहे, पण हनोई लांब, आमच्याकडं कागल आणि निपाणीमधला, राज्याच्या सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडायलाच फाइलीला घाम फुटतो. इथल्या माणसाचं घर कर्नाटकात, खातं कोल्हापूरच्या बँकेत, सिम गोव्यात नोकरीला असताना घेतलेलं, तर पैसे गेले की तक्रार कुठं? १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात कुठल्याही ठाण्यात एफआयआर घ्यायलाच लागतो, हे ठाण्यातल्या माणसाला माहीत असेल तर उपयोग. आणि १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पहिल्या तासात फोन करा म्हणता, बरोबर आहे, पण यमकनमर्डीच्या म्हातारीला तिथं कन्नड, हिंदी, इंग्रजी यातलं काही धड बोलता येत नसेल तर तिचा पहिला तास कशात जाणार? ह्यात भाषेचं राजकारण नको, ते करायला इथं माणसं भरपूर आहेत. फसवणारे मात्र अस्सल मराठीत फोन करतात, तेवढं लक्षात घ्या.

तर आमची मागणी अशी. मोठ्या सायबर घटनेचा चौकशी रिपोर्ट, नावं गाळायची तर गाळा, पण कारण आणि उपाय सांगणारा, ठरावीक मुदतीत जाहीर करा आणि तो कन्नड-मराठीसह स्थानिक भाषांत काढा, चार पानांचा चालेल. सुरुवात ३१ जुलै २०२४ पासूनच करा. आम्ही कळवायचं ते एकाच फॉर्ममध्ये, सर्ट-इननं तोच पुढं बाकीच्यांना द्यावा, कस्टमरच्या देशालाही. त्या फॉर्मात आणि शीटमध्ये हो आणि नाहीच्या शेजारी एक रकाना ठेवा, की जमत नाही म्हणून बदल्यात काय केलंय. सोसायट्यांना सॉफ्टवेअर देणाऱ्या व्हेंडरची नोंदणी आणि तपासणी सुरू करा. खातं अडकवताना संशयाची तेवढीच रक्कम अडकवा. आणि वर्षातून एकदा तुमच्यातलं कुणीतरी इथं या, दिल्लीहून नको तर बेंगळुरूहून या, साखर कारखान्याचा आयटीवाला, सोसायटीचे सेक्रेटरी, फौंड्रीतले माझ्यासारखे गळ्यात पडलेले, सगळे एका हॉलमध्ये जमवायची जबाबदारी आमची. फक्त ऊस तोडणीच्या धामधुमीत तारीख नको, चिकोडीकडचं कुणी येणार नाही. पावसाळा संपता संपता ठेवा.

कळावे,
उद्यमबागेतला एक डिस्पॅचवाला

प्रत माहितीसाठी: बेळगाव चेंबर ऑफ कॉमर्स, आणि तालुक्यातल्या सगळ्या पतसंस्था व सौहार्द सहकारींचे चेअरमन